मला नीट ऐकू आलं होतं

संपादकांचा फोन आला. "ताई, दिवाळी अंकासाठी जपानचं काहीतरी खुसखुशीत द्या. तिथली शिस्त, चेरीची फुलं, वेळेवर येणाऱ्या गाड्या." मी म्हटलं, देते की. पण मी तिथे फुलं बघत बसले नव्हते. नव्वदच्या दशकातली माझी बरीचशी वर्षं तोक्योच्या शेजारी, ग्योतोकूतल्या दोन खोल्यांच्या घरात, कानाला हेडफोन लावून अमेरिकेतल्या काळ्या पोरांच्या शिव्या लिहून काढण्यात गेली. त्याचे मला पैसे मिळायचे. मी इंग्रजीची एम. ए., मुंबईच्या कॉलेजात शिकवून आलेली. माझी आई चाळीत सांगायची, आमची सुनंदा तिकडे संगीत क्षेत्रात आहे. तेही खोटं नव्हतं.

तर संपादकसाहेब, खुसखुशीत जमेल तेवढं करते. पण ही गोष्ट आठवली की अजून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते, हे आधीच सांगून ठेवते.

काम काय होतं ते बाहेरच्या माणसाला समजावून सांगावं लागतं. अमेरिकन गाण्यांची सीडी तेव्हा जपानमध्ये दोन प्रकारे मिळायची. एक सरळ तिकडून आलेली, स्वस्त. दुसरी जपानी कंपनीने स्वतः काढलेली, चांगलीच महाग. आता गाणी तीच, तर महाग कोण घेईल? पण पोरं घ्यायची, कारण तिच्यात एक पुस्तिका असायची. एका पानावर गाण्याचे इंग्रजी शब्द, समोर जपानी भाषांतर. पुस्तिकेसाठी ती पोरं जेवण टाळून पैसे साठवायची. मात्र रॅपच्या बाबतीत पंचाईत अशी, की अमेरिकेतून नुसती टेप यायची, शब्दांचा कागद यायचाच असं नाही. जपानी भाषांतरकार कागदावरचं इंग्रजी उत्तम वाचत. कानाने ते पकडणं वेगळं. म्हणून आधी कोणीतरी ऐकून ते उतरवून काढायचं. या कामाला जपानीत किकितोरी म्हणतात. मी किकितोरीवाली.

माझा नवरा अनिल बँकेच्या तोक्यो शाखेत बदलून आला आणि त्याच्यामागे मी आले. घरी बसवेना, म्हणून वस्तीच्या सभागृहात बायकांना इंग्रजी शिकवायला लागले. त्यातल्या एकीचा नवरा, ओगावा-सान, एका रेकॉर्ड कंपनीत परदेशी संगीताचा विभाग सांभाळत होता. त्याच्याकडचे आधीचे दोन अमेरिकन काम सोडून गेले होते, एक कंटाळून आणि एक लाजून. ओगावा-सानने मला नम्रपणे विचारलं, "काम्बुरे-सान, तुम्हाला घाण शब्दांचा त्रास होतो का?" कांबळेचं तिकडे काम्बुरे होतं. मी म्हटलं, मी गिरणगावात वाढले आहे. त्याला कळलं नाही, पण काम मिळालं.

मशीन टायपिस्ट वापरतात तसलं. पाय दाबला की टेप पुढे जायची, उचलला की दोन-चार शब्द मागे यायची. एकेक ओळ चाळीस-पन्नास वेळा ऐकायची. एवढं करूनही शब्द कळला नाही, तर तिथे तीन तारे टाकायचे. पुस्तिकेत खाली बारीक टीप असायची, की तारे आहेत तिथले शब्द ऐकून उतरवता आले नाहीत. आणि शेवटच्या पानावर उतरवणाऱ्याचं नाव. म्हणजे तारे ही आमची नापासाची खूण. चांगल्या किकितोरीवालीच्या पुस्तिकेत ते शोधून सापडायचे नाहीत.

सुरुवातीला माझ्या पानांवर आकाशगंगाच होती. शेक्सपिअर शिकवून आलेल्या बाईला ते इंग्रजी कुठलं कळायला? तेव्हा मला ग्लोरिया भेटली. अमेरिकेच्या दक्षिणेकडची, पन्नाशीची काळी बाई, इचिकावात इंग्रजी संभाषणाच्या शाळेत शिकवायची. मी तिला सुक्या बोंबलाची चटणी खाऊ घालायचे आणि ती मला शब्द सांगायची. शब्दच काय, शब्दामागची गल्ली सांगायची. तिथल्या शाळेत हिवाळ्यात कोट घालून का बसतात, पोलिसाने गाडी थांबवली की दोन्ही हात कुठे ठेवायचे हे आई पोराला कधी शिकवते, असं सगळं. आम्ही दोघी तोझाई लाइनच्या गाडीत बसलो की आमच्या अंगालगतच्या जागा रिकाम्या राहायच्या, डबा उभ्या माणसांनी भरलेला असला तरी. ग्लोरिया तिथे आपली पर्स ठेवायची आणि म्हणायची, "ठेव गं पिशवी. आपल्यासाठी राखून ठेवली आहे त्यांनी." मला हसू यायचं आणि संतापही यायचा. तिला फक्त हसू यायचं, किंवा तसं ती दाखवायची.

शब्द कळायला लागले आणि मी गारच पडले. ही गाणी मला ओळखीची होती. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, गिरणीत कामाला आणि जयंतीच्या जलशात डफावर. त्यांचं गाणं म्हणजे बोलणंच. एक ताल धरायचा आणि त्यावर सगळं सांगून टाकायचं. गावच्या विहिरीवर काय झालं, मुकादम काय म्हणाला, रेशनच्या तांदळात खडे किती. समोरचे लोक ओळीओळीला हुंकार देणार. आता हजारो मैलांवरचं बावीस वर्षांचं पोरगं माझ्या कानात तेच करत होतं. माल तोच, फक्त डफाच्या जागी मशीन. बाहेर लोक म्हणायचे, हे कसलं संगीत, नुसती बडबड. आबांच्या जलशालाही शिकलेले लोक हेच म्हणायचे.

आबांची एक गोष्ट इथेच सांगते, पुढे लागणार आहे. मी शाळेत असताना लोकगीतं गोळा करणारे एक प्राध्यापक आमच्या खोलीवर आले. आबांनी त्यांना विहिरीचं गाणं अख्खं म्हणून दाखवलं. त्यात विहीर बंद करणाऱ्या पाटलाचं नाव होतं, घराण्यासकट. पुस्तक छापून आलं तेव्हा त्या कडव्याच्या जागी टिंबं, आणि खाली टीप: गायकास पुढील ओळी आठवल्या नाहीत. आबांनी ते पान मला पुन्हा पुन्हा वाचायला लावलं. मग पुस्तक फळीवर उलटं ठेवलं. त्यांना झोपेतून उठवलं असतं तरी ते कडवं आलं असतं.

ग्योतोकूत बँकांमधल्या, कंपन्यांमधल्या मराठी बायका महिन्यातून एकदा चहाला जमायच्या. तिथे अनिलच्या साहेबांच्या बायकोने एकदा सगळ्यांसमोर मला विचारलं, "सुनंदा, दिवसभर त्या हबशांचा आरडाओरडा ऐकतेस, झोप लागते का गं तुला?" याच बाईंना तिथल्या दोन-तीन घरमालकांनी 'परदेशी नकोत' म्हणून दारातून परत पाठवलं होतं, आणि ते रडगाणं त्या दर महिन्याला गायच्या. मी म्हटलं, "तो आरडाओरडा ऐकून लागते. तुमचं ऐकून लागत नाही." घरी अनिल म्हणाला, "अगं, साहेबांची बायको आहे ती." मी म्हटलं, "म्हणून तर अहो-जाहो केलं."

आणि आमच्या पुस्तिकांचं एक गिऱ्हाईक होतं, कोजी. ग्योतोकू स्टेशनजवळच्या कोनबिनीत, म्हणजे चोवीस तास उघडं असतं त्या दुकानात, काउंटरवर काम करायचा. पंचविशीतला. केस दिवसभर सलूनमध्ये बसून कुरळे करून घेतलेले, तोंड दिव्याखाली भाजून तपकिरी केलेलं, पँट गुडघ्यापर्यंत लोंबणारी. तेव्हा तशी पोरं गल्लोगल्ली होती. एकदा मी दूध घेताना त्याने माझ्या हातातल्या पार्सलवरचं नाव वाचलं आणि कमरेत वाकला. "काम्बुरे-सान? पुस्तिकेतल्या?" आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी मला लेखकासारखं ओळखलं. मी दोन दिवस अनिलला सांगत होते.

पण मग तो रोज काहीतरी विचारायला लागला. ही शिवी टी-शर्टवर छापायची तर स्पेलिंग काय, असले प्रश्न. एकदा मला राहवलं नाही. म्हटलं, "कोजी, हा रंग तू उन्हाळ्यात लावतोस आणि नोकरीच्या मुलाखतीला जाताना उतरवशील. माझा उतरत नाही. ग्लोरियाचा तर त्याहून नाही. गाडीत तिच्याशेजारी कधी बसला आहेस का?" तो भाजलेल्या कातडीखाली लाल झाला. सुटे पैसे दोन्ही हातांनी देत म्हणाला, "मी गाणी नीट ऐकतो, काम्बुरे-सान." मी म्हटलं, बरं. माझा काही विश्वास बसला नव्हता.

आता मुख्य गोष्ट. टेरेन्स नावाच्या मुलाची टेप आली. आडनाव आणि स्टेजवरचं नाव देत नाही. अमेरिकेतल्या पोलाद कारखान्यांच्या गावातला, कारखाने बंद पडलेले. आमच्या गिरण्यांसारखंच. त्या रेकॉर्डमध्ये शिव्या जवळपास नव्हत्या. शेवटचं गाणं त्याच्या धाकट्या भावाचं होतं. डॅरिल, वय सतरा, दम्याचा रोगी. आईने दुकानात पाठवलं होतं. कोपऱ्यावर पोलिसाने थांबवलं, त्याने धाप लागली म्हणून खिशातून दम्याचा पंप काढला, पोलिसाने गोळी घातली. शेवटच्या कडव्यात मागचं संगीत थांबतं. टेरेन्स साध्या आवाजात भावाचं पूर्ण नाव सांगतो, रस्ता सांगतो, चौकी सांगतो, आणि आई घरातल्या सपाता घालून कोपऱ्यावर धावत आली आणि तिला पोलिसांनी बांधलेल्या दोरीच्या अलीकडेच अडवलं, हे सांगतो. मग परत नाव. बस. लहान मूलही उतरवून घेईल इतकं ते स्पष्ट होतं. मी ते एकदाच ऐकून लिहिलं, आणि मग काही कारण नसताना दहा वेळा ऐकलं.

कागद दिल्यावर ओगावा-सानने कंपनीसमोरच्या कॉफीच्या दुकानात बोलावलं. चांगला माणूस होता, हे मी मुद्दाम लिहिते. तरुणपणी काळ्या गायकांच्या रेकॉर्ड घेण्यासाठी त्याने सायकल विकली होती.

"काम्बुरे-सान, शेवटच्या कडव्याला तारे टाकूया."

"कशाला? एक अक्षर चुकलेलं नाही. ग्लोरियाकडून तपासून घेतलं आहे."

"हो. चुकलेलं नाही." त्याने सिगरेट पेटवली. "खरं नाव आहे. खरी चौकी आहे. वरच्यांना वाटतं, छापलं की जबाबदारी येईल. शिवाय आपली मुलं हे नाचायला घेतात. हे जरा जड आहे."

"मग कंपनीने गाळलं असं लिहा."

"तसं लिहिलं तर कंपनीचा दोष होतो. ऐकू आलं नाही असं लिहिलं की कोणाचाच दोष राहत नाही."

"माझा राहतो," मी म्हटलं.

तो कॉफीत साखर ढवळत बसला. जपानी माणूस 'जरा जड आहे' म्हणतो तेव्हा ते नाहीच असतं, हे एवढ्या वर्षांत मला कळलं होतं. मी तारे टाकणार नाही म्हणून सांगितलं आणि माझ्या कॉफीचे पैसे टेबलावर ठेवून निघून आले.

तारे पडले. कंपनीला माझ्या हातांची गरजच नव्हती. पुस्तिका छापून आली, अख्ख्या कडव्याच्या जागी तीन तारे, खाली ऐकू न आल्याची टीप आणि मागच्या पानावर माझं पूर्ण नाव. मी घरात भांडी आपटली. अनिल म्हणाला, "जाऊ दे ना, कोण वाचतं ते बारीक?" दुसऱ्याच दिवशी कोनबिनीत कोजी दबक्या आवाजात म्हणाला, "काम्बुरे-सान, तब्येत बरी आहे ना? इतकं स्वच्छ कडवं, मलासुद्धा त्यात एक नाव ऐकू येतंय, आणि तुम्हाला…" मी दूध तिथेच ठेवून घरी आले. असं वाटत होतं, आत्ता जाऊन ओगावा-सानची कॉलर धरावी.

पुढच्या महिन्यात टेरेन्स कार्यक्रमासाठी तोक्योत आला. कंपनीच्या दुभाष्याला त्याचं बोलणं कळेना, म्हणून ओगावा-साननेच मला हॉटेलवर बोलावलं. गरज पडली की आठवण येते. मी गेले, कारण मला तो मुलगा बघायचा होता.

शिडशिडीत, चष्मा लावणारा, मला मॅडम म्हणणारा. त्याने बॅगेतून स्वतःची, अजून न फोडलेली जपानी सीडी काढली. पुस्तिका उघडून माझ्यासमोर धरली. "आईने सांगितलंय, डॅरिलचं नाव जपानीत कसं दिसतं ते बघून ये. आमच्या गावच्या पेपरात त्याचं नाव आलंच नाही, मॅडम. नुसतं 'संशयित' आलं. आई म्हणते, समुद्रापलीकडे तरी छापलं. कुठे आहे दाखवा ना, बोट ठेवा."

मी ओगावा-सानकडे बघितलं. तो खिडकीबाहेर बघत होता. माझं बोट हवेतच राहिलं. काय करायचं? मी ते ताऱ्यांवर ठेवलं.

"हे काय आहे?"

"याचा अर्थ, ऐकू आलं नाही."

"कोणाला?"

"इथे माझं नाव आहे, म्हणजे मला. पण मला ऐकू आलं होतं." आणि मी त्याला ते कडवं पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणून दाखवलं, सपातांसकट. टेरेन्सने पुस्तिका मिटून बॅगेत ठेवली. मग त्याने विचारलं, "उद्या तुम्ही कार्यक्रमाला याल?"

कार्यक्रम शिबुयातल्या एका तळघरातल्या हॉलमध्ये होता, संध्याकाळचा. मी पडद्याच्या बाजूला उभी. समोर शेकडो कोजी. भाजलेले चेहरे, कुरळे केस, सोनेरी मुलाम्याच्या साखळ्या. शेवटच्या गाण्यात संगीत थांबलं आणि टेरेन्सने कडवं म्हटलं. भावाचं नाव घेतलं, माइक लोकांकडे धरला. लोक काय करणार? त्यांना वाटलं, नेहमीची हाक आहे. हात वर करून, उड्या मारत, हसत ओरडले, "दारिरु! दारिरु!" त्याच्या भावाच्या नावावर ते नाचत होते. मी टेरेन्सचं तोंड बघितलं आणि मला तिथे उभं राहवेना. चप्पल काढून स्टेजवर गेले. का काढली कोण जाणे, जलशाची सवय असेल.

माझं जपानी कचऱ्याचं वर्गीकरण शिकवणाऱ्या शेजारणींकडून शिकलेलं, घरगुती आणि अतिनम्र. त्याच भाषेत मी बोलले. "माफ करा, त्रास देते. हे याच्या लहान भावाचं नाव आहे. तो सतरा वर्षांचा होता. पोलिसांनी त्याला मारलं. त्याच्या हातात दम्याचं औषध होतं. तुमच्या पुस्तिकेत तिथे तारे आहेत आणि मला ऐकू आलं नाही असं छापलं आहे. ते खोटं आहे. कृपया घरी जाऊन ऐका. तुम्हाला ऐकू आलं, तर पुस्तिकेतल्या कार्डावर लिहून कंपनीला पाठवा." वर केलेले हात खाली आले. मग मागून कोणीतरी हलक्या आवाजात नाव घेतलं, नंतर पुढच्यांनी. ओरडून नाही. आबांच्या जलशात लोक हुंकार देत तसं.

कार्डाची भानगड सांगते. महाग सीडीत एक पोस्टकार्ड असायचं, गिऱ्हाइकाने अभिप्राय पाठवायचा. आणि जपानी कंपनीची एक रीत असते. गिऱ्हाइकाने छापील चूक दाखवून दिली की ती तशीच ठेवून चालत नाही. माफी मागायची, शुद्धिपत्राची छोटी चिठ्ठी छापायची आणि उरलेल्या प्रत्येक प्रतीत घालायची. तारे पडले तेव्हा कंपनीने हाच विचार केला होता, की ऐकू न येण्याची तक्रार कोण करणार?

कार्डं आली. ओगावा-सानच्या टेबलावर गठ्ठे लागले. सगळ्यांनी आपापल्या कानाने कडवं लिहिलेलं, स्पेलिंगांचा आनंदीआनंद, पण नाव प्रत्येकात. कोजीचं कार्ड ओगावा-सानने मला मुद्दाम दाखवलं. अक्षर इतकं बारीक की भिंग लागावं. शेवटी लिहिलं होतं: मी शाळेत इंग्रजीत कधी पास झालो नाही. मला ऐकू आलं.

"वरचे तयार झाले आहेत," ओगावा-सान म्हणाला. तेच कॉफीचं दुकान. "पूर्ण कडवं छापू. नाव, भाषांतर, सगळं. पण चिठ्ठीवर चुकीचं कारण लिहावं लागतं. त्यांचं म्हणणं, कारण किकितोरीचं असावं. उतरवणाऱ्या व्यक्तीच्या अपुऱ्या आकलनामुळे. तुमच्या नावासकट. तुमची सही लागेल. तुम्ही नाही म्हणालात तर चिठ्ठीच निघणार नाही."

चोर ते चोर वर शिरजोर. मी काय काय बोलले ते दिवाळी अंकात छापण्यासारखं नाही. रॅप ऐकून कमावलेली सगळी विद्या मी त्या दिवशी वापरली. त्याने मान खाली घालून ऐकून घेतलं. शेवटी म्हणाला, "मी सुद्धा लढलो, काम्बुरे-सान. इतकंच मिळालं."

मी ग्योतोकूला परत आले ती नाही म्हणायचं ठरवूनच. संध्याकाळी मुंबईला फोन लावला. चाळीत फोन खालच्या वाण्याकडे, आबांना जिना उतरून यायला वेळ लागायचा. मी सगळं सांगितलं. म्हटलं, "आबा, तुम्हाला विसराळू छापलं, आता मला बहिरी छापतायत. खानदानी आहे आपलं."

आबा हसले नाहीत. "पोराचं नाव छापत्यात का?"

"हो."

"पुरं?"

"पुरं. चौकीसकट."

"मग कर सही."

"आबा, तुम्ही ते पुस्तक फळीवर उलटं ठेवलं होतं. किती लागलं होतं तुम्हाला."

"अगं येडे, मला विसरभोळा म्हटलं त्याचं नव्हतं लागलं. पाटलाचं नाव गेलं त्याचं लागलं. ते नाव ऱ्हायलं असतं तर मला मुका म्हटलं असतं तरी चाललं असतं." मग वाण्याला ऐकू जाईल म्हणून आवाज उतरवून म्हणाले, "नाव छापून घे. तुझं काय, तू आहेस अजून जिती."

मी सही केली. चिठ्ठी निघाली, तळहाताएवढी, पांढरी. वरती माझ्या अपुऱ्या आकलनाबद्दल ग्राहकांची मनःपूर्वक माफी. खाली अख्खं कडवं आणि नाव, पुढच्या बाजूला जपानीत, मागे इंग्रजीत. टेरेन्सने कळवलं, आईने ती डॅरिलच्या फोटोच्या चौकटीत खोचली आहे, तिला वाचता येत नाही ती जपानी बाजू पुढे करून. ग्लोरिया मात्र माझ्यावर चिडली. म्हणाली, दोष घ्यायची सवय आपल्या दोघींच्या लोकांना आधीच फार आहे. तिचंही खोटं नव्हतं, आणि मी तिच्याशी भांडले नाही. माझं काम हळूहळू आटलं. ज्या बाईला ऐकू येत नाही असं कंपनीनेच छापलं, तिला दुसरी कंपनी कशाला टेप देईल? कोजी तोंड भाजून फिरतच राहिला. सगळंच काही सुधारत नाही. फक्त एकदा ग्लोरिया आणि मी गाडीत बसलो होतो, तर तो आला, तिच्या पर्सकडे बोट दाखवून म्हणाला, "माफ करा, इथे कोणी आहे का?" आणि बसला.

आम्ही मुंबईला परतलो, आबा गेले, मी पुन्हा शिकवायला लागले आणि निवृत्तही झाले. मागच्या वर्षी भाचा तोक्योला गेला होता, त्याच्याकडून ती सीडी मागवली. नवी आवृत्ती निघाली आहे, छपाई छान आहे. चिठ्ठी नाही. सुटा कागदच तो, पुढच्या खेपेला कोण घालतंय? तारे जिथल्या तिथे आहेत, खाली टीप आहे आणि मागच्या पानावर माझं नाव. आता तिथे डॅरिलही नाही आणि माझी अब्रूही नाही. दोन्ही पुसून कंपनीने आपली पाटी कोरी करून घेतली.

म्हणून संपादकसाहेब, तुमच्या खुसखुशीत लेखाच्या जागी हे शुद्धिपत्र पाठवते आहे. मुलाचं नाव डॅरिल. वय सतरा. हातात दम्याचा पंप होता. आई सपाता घालून कोपऱ्यावर आली होती आणि तिला दोरीच्या अलीकडे थांबवलं. हे त्याच्या भावाने सांगितलं आणि ते मला नीट ऐकू आलं. दिवाळी अंकात जागेअभावी शेवटच्या ओळी गाळतात, हे मला माहीत आहे. यंदा जागा कमी पडलीच, तर वरचं माझं नाव कापा. त्याचं राहू द्या.